काटा हलला नाही म्हणून

डॉक्टरांनी ‘वजन कमी करा’ म्हटले की घरोघर एकच कार्यक्रम सुरू होतो. सकाळचे चालणे, रात्रीचा भात बंद, चहातली साखर अर्धी आणि दर रविवारी वजनकाट्यावर उभे राहणे. पहिल्या दीड-दोन महिन्यांत दोन-तीन किलो उतरतात, मग काटा थांबतो आणि पाठोपाठ चालणेही थांबते. ‘काही उपयोग होत नाही’ असे म्हणून माणूस पुन्हा मूळ पदावर येतो. माझा आक्षेप या वाक्याला आहे. उपयोग होत असतो, तो काट्यावर दिसत नसतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे. वजन हे आरोग्याशी जोडलेल्या अनेक मापांपैकी एक माप आहे, आणि भारतीय शरीरांच्या बाबतीत ते बरेचसे फसवे आहे. आपण त्याला एकमेव माप केल्यामुळे दोन उलट दिशांचे नुकसान होते. बारीक माणूस निर्धास्त राहतो आणि चाळिशीत अचानक मधुमेही ठरतो. जाड माणूस काट्यासाठी झटतो आणि काटा अडला की त्याच्या रक्तवाहिन्यांना, यकृताला, स्नायूंना लाभत असलेली सवयच सोडून देतो. दुसरे नुकसान मला अधिक गंभीर वाटते, कारण ते नेमके प्रयत्न करणाऱ्या माणसाचे होते.

१. वजन गेले, आजार राहिला

वजन हेच मूळ असेल, तर ते कोणत्याही मार्गाने घटवले तरी प्रकृती सुधारायला हवी. हे तपासून पाहिले गेले आहे. अमेरिकेतील सेंट लुईस येथे डॉ. सॅम्युएल क्लाइन यांच्या गटाने पंधरा लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरची चरबी लायपोसक्शनने काढली. त्यांपैकी सातजणींना मधुमेह होता. प्रत्येकीच्या अंगातून सुमारे दहा किलो चरबी निघाली. आहार-व्यायामाने एवढी चरबी घटवायला कित्येक महिने जातात. दहा-बारा आठवड्यांनी पुन्हा तपासणी झाली, तेव्हा इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद, रक्तदाब, साखर, रक्तातील मेद यांपैकी कशातही म्हणण्यासारखी सुधारणा नव्हती. हे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले.

पंधरा हा आकडा लहान आहे, पण कारण समजून घेतले तर निष्कर्ष आश्चर्याचा वाटत नाही. लायपोसक्शनने निघते ती कातडीखालची चरबी. आतड्यांभोवतीची आणि यकृतात साठलेली चरबी जिथल्या तिथे राहते, आणि साखरेचा व रक्तदाबाचा खरा त्रास तिच्याकडून होतो. उलट, कमी खाल्ल्याने किंवा अधिक हालचालीने शरीराला साठ्यातून खर्च करावा लागतो, तेव्हा यकृतातली चरबी सर्वांत आधी उतरू लागते. म्हणून तीन किलो घटवलेल्या माणसाची साखर सुधारते आणि दहा किलो शोषून काढलेल्या माणसाची सुधारत नाही.

२. वजन राहिले, प्रकृती सुधारली

आता उलटी बाजू. ‘डॅश’ नावाचा प्रसिद्ध आहारप्रयोग अमेरिकेत १९९७ साली प्रकाशित झाला. ४५९ प्रौढांना आठ आठवडे ठरवून दिलेले अन्न पुरवले. भाज्या, फळे आणि कमी स्निग्धांशाचे दूध-दही भरपूर असलेला आहार एका गटाला, नेहमीचा अमेरिकी आहार दुसऱ्याला. मीठ सर्वांना सारखे. वजन बदलू नये म्हणून अन्नाचे प्रमाण मुद्दाम कमी-जास्त केले जात होते. म्हणजे काटा जाणूनबुजून स्थिर ठेवला होता. तरीही उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा तुलनेच्या गटापेक्षा अकरा अंकांहून जास्त उतरला, एखाद्या औषधाच्या गोळीइतका.

दुसरा पुरावा आपल्या देशातला आहे आणि तो आपल्याकडे पुरेसा सांगितला जात नाही, याचे मला वाईट वाटते. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ लोकांचे चार गट केले: एकाला साधा सल्ला, एकाला आहार-व्यायामाचे सातत्याने मार्गदर्शन, एकाला मेटफॉर्मिनची गोळी, एकाला दोन्ही. सुमारे तीन वर्षांत साध्या सल्ल्याच्या गटातले ५५ टक्के लोक मधुमेही झाले, आहार-व्यायामाच्या गटातले ३९.३ टक्के. धोका २८.५ टक्क्यांनी घटला. गोळीने घटला त्याहून थोडा जास्तच. आणि या आहार-व्यायामाच्या गटाचे वजन? त्यात लक्षणीय फरक पडला नव्हता.

यातल्या एखाद्या माणसाने दर रविवारी काटा पाहून निर्णय घेतला असता, तर त्याने तिसऱ्या महिन्यात सगळे सोडून दिले असते. मधुमेह टळत होता, पण ते कळायला त्याच्याकडे साधन नव्हते.

हे घडते कसे? चालताना स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनच्या मदतीशिवायही उचलतात, आणि त्यानंतर एक-दोन दिवस इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देतात. हा फायदा वजनातून वळसा घालून येत नाही, थेट येतो. तो दोन दिवसांत ओसरतो, म्हणूनच चालणे रोजचे किंवा एक दिवसाआड हवे. आठवड्यातून एकदा सिंहगड चढून येणे चांगलेच, पण उरलेल्या दिवसांची भरपाई त्याने होत नाही.

३. पुण्याजवळच्या सहा गावांनी शिकवलेले

वजनाचे माप आपल्या बाबतीत विशेष फसवे का, हे जगाला समजले त्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवती स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. या बाळांचे सरासरी जन्मवजन २.७ किलोच्या आसपास होते, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे सर्वच बाबतींत लहान असतील असे वाटेल. पण तूट पडली होती ती मुख्यतः स्नायूंत आणि पोटातल्या अवयवांत. पाठीच्या कातडीखालची चरबी जवळजवळ पूर्ण राखलेली होती. वजनाने बारीक आणि घडणीने स्थूल अशी ही शरीरे जन्मापासूनच होती.

पुढे २००४ साली डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापे शेजारी-शेजारी छापली. दोघांचा बीएमआय २२.३, तंतोतंत सारखा. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बीएमआय हे उंचीच्या मानाने वजन सांगणारे माप १८३० च्या दशकात बेल्जियमच्या अ‍ॅडॉल्फ केटले या संख्याशास्त्रज्ञाने मांडले. लोकसमूहाचे वर्णन करणे हा त्याचा हेतू होता. एका माणसाच्या पोटात काय साठले आहे, हे त्याने कधीच सांगायचे नव्हते.

म्हणून भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली वेगळ्या मर्यादा ठरवल्या: बीएमआय २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा, कमरेचा घेर पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर. यातला घेर अधिक महत्त्वाचा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत, जिचे आकडे २०२३ साली आले, सर्वसाधारण लठ्ठपणा २८.६ टक्के लोकांत आढळला आणि पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्क्यांत. म्हणजे केवळ बीएमआय पाहिला असता जे ‘ठीक’ ठरले असते, अशी कित्येक माणसे पोटाच्या घेराने धोक्यात आहेत. त्याच पाहणीनुसार देशात मधुमेही १०.१ कोटी आणि उंबरठ्यावरचे १३.६ कोटी. ‘आमच्याकडे कोणी जाड नाही’ हे वाक्य ज्या घरात अभिमानाने बोलले जाते, तिथेही तपासणी व्हायला हवी.

४. किलो गेले, पण कशाचे?

काट्याचा तिसरा दोष सर्वांत कमी बोलला जातो. तो चरबी आणि स्नायू यांत फरक करत नाही. नुसत्या उपासमारीने वजन उतरवले, तर गेलेल्या प्रत्येक चार किलोंत साधारण एक किलो स्नायू आणि इतर चरबीविरहित ऊतींचा असतो; घाईने उतरवले आणि व्यायाम नसला तर त्याहून जास्त. ज्याच्याकडे स्नायूंची पुंजी जन्मापासूनच थोडी आहे, त्याला हे परवडणारे नाही. जेवणानंतर रक्तात येणारी बरीचशी साखर स्नायूंतच जाते. स्नायू घटले की त्या साखरेला जागा उरत नाही. आणि वजन परत येते तेव्हा, विशेषतः उतारवयात, बहुतांश चरबीच परत येते. महिनाभराचे ‘डिटॉक्स’ करून पाच किलो उतरवणारी आणि सहा महिन्यांत ते परत मिळवणारी व्यक्ती पहिल्यापेक्षा वाईट अवस्थेत पोहोचलेली असू शकते, काट्यावर आकडा तोच असताना.

यावर उपाय दोन, आणि दोन्ही आपल्या स्वयंपाकघरात आणि तालमीत पूर्वीपासून आहेत. पहिला प्रथिनांचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने माणसाला दर किलो वजनामागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. सकाळी पोहे, दुपारी तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, भात आणि पातळ वरण, संध्याकाळी चहा-बिस्किटे, रात्री खिचडी, असा शाकाहारी दिवस हा आकडा जेमतेम गाठतो. शिवाय ही प्रथिने मुख्यतः धान्यातली, म्हणजे सोबत भरपूर पिष्ट घेऊन येणारी. वाटीभर पातळ वरणात पाच-सहा ग्रॅमच असतात. ‘भात बंद’ करण्यापेक्षा पातळ वरणाच्या जागी घट्ट वरण, मटकीची किंवा चवळीची उसळ, पिठले, दही, अंडी, मासे खाणाऱ्यांना बांगडा किंवा सुकट, आणि त्या मानाने भात-पोळी कमी, हा बदल जास्त कामाचा आहे. अशा जेवणाने पोट भरते आणि चार वाजता फरसाणाच्या डब्याकडे हात जात नाही. उपवासाचा साबुदाणा मात्र जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. तो तुपात परतून शेंगदाण्याच्या कुटासह खाल्ला तर त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त उष्मांक पोटात जाऊ शकतात. श्रद्धेचा प्रश्न वेगळा आहे. वजनासाठी उपवास करणाऱ्याने हे जाणावे.

दुसरा उपाय ताकदीच्या व्यायामाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शनात आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाच्या हालचालीबरोबर आठवड्यातून दोन दिवस स्नायूंचे व्यायामही सांगितले आहेत. हा दुसरा अर्धा भाग आपल्याकडे गळून पडतो; चाळिशीपुढच्या स्त्रियांच्या बाबतीत तर पूर्णच. जोर-बैठका जमत नसतील तर खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला हात लावून जोर काढणे, जिने चढणे यांपासून सुरुवात होते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनाही याची गरज आहे, बहुधा इतरांपेक्षा जास्त. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा भार कमी जाणवतो.

५. ‘कोणता डाएट?’ या वादातला पोकळपणा

काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रात दोन वेळा जेवावे की दर दोन तासांनी खावे, यावर घराघरांत पक्ष पडले होते. अनुक्रमे हे दोन पक्ष मांडणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित आणि ऋजुता दिवेकर यांच्या सल्ल्यांत खूप अंतर असले, तरी दोहोंनी लोकांना स्वयंपाकघराकडे जाणीवपूर्वक पाहायला लावले, हे श्रेय द्यायलाच हवे. दीक्षितांच्या पद्धतीत सुरुवातीलाच एचबीएवनसी, म्हणजे रक्तातली मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, तपासायला सांगतात, हे मला विशेष योग्य वाटते. पण ‘कोणता श्रेष्ठ’ या प्रश्नाला प्रयोगांतून मिळालेले उत्तर कोणत्याच पक्षाला सुखावणारे नाही.

स्टॅनफर्डमध्ये ख्रिस्तोफर गार्डनर यांनी ६०९ लोकांना वर्षभर दोन गटांत ठेवले, कमी स्निग्धांशाचा आहार आणि कमी पिष्टाचा आहार. २०१८ साली आलेले निकाल: सरासरी घट ५.३ किलो आणि ६ किलो, म्हणजे संख्याशास्त्रीय फरक नाहीच. फरक होता तो प्रत्येक गटाच्या आत: कोणी तीस किलोपर्यंत उतरवले, तर काहींचे वजन दहा किलोपर्यंत वाढलेही. चीनमधल्या ग्वांगझू येथे १३९ लठ्ठ लोकांना सारखेच कमी उष्मांक दिले. अर्ध्यांना सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्यातच खायला सांगितले. वर्षाअखेर घट ८ किलो आणि ६.३ किलो, फरक पुन्हा निर्णायक नाही. एकूण किती खाल्ले हे जास्त ठरवते, घड्याळ कमी. ज्याला दोन वेळांचा नियम पाळल्याने मधले वडापाव, बिस्किटे आणि गोड चहा सुटतात, त्याला तो उपयोगी. ज्याला त्यामुळे रात्री दुप्पट जेवावेसे वाटते, त्याला नाही. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता जेवणाच्या वेळा बदलणे तर धोक्याचे आहे.

वेळेपेक्षा मोठी गोष्ट अन्नाच्या स्वरूपाची. केविन हॉल यांनी २०१९ साली वीस निरोगी लोकांना महिनाभर संशोधन संस्थेतच ठेवून, दोन आठवडे कारखान्यात बनलेले पाकीटबंद अन्न आणि दोन आठवडे घरच्यासारखे साधे अन्न दिले. पुढे ठेवलेल्या अन्नातली साखर, मेद, पिष्ट, तंतू सारखे. हवे तेवढे खाण्याची मुभा. पाकीटबंद अन्नावर माणसे रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त खात होती, कोणी आग्रह केला नसताना. कोणत्या पंथाचा आहार, यापेक्षा घरात कोणती पाकिटे येतात, हा प्रश्न म्हणून मोठा.

६. आक्षेप

*‘म्हणजे वजन महत्त्वाचे नाही?’* आहे. अमेरिकेतल्या मधुमेह-प्रतिबंधाच्या मोठ्या प्रयोगात धोका ५८ टक्क्यांनी घटला, आणि तिथे घटलेल्या प्रत्येक किलोमागे धोका सुमारे १६ टक्क्यांनी कमी होत गेला. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ प्रयोगात काटेकोर देखरेखीखाली वजन घटवलेल्यांपैकी ४६ टक्के लोक वर्षाअखेर औषधांविना मधुमेहमुक्त अवस्थेत होते. पण अमेरिकी प्रयोगातल्या लोकांचा सरासरी बीएमआय ३४ होता, चेन्नईच्या लोकांचा २५.८. ज्याच्या अंगावर वीस किलो जादा आहेत त्याने ते जरूर उतरवावेत. माझा विरोध वजन घटवण्याला नाही. काटा अडला की सारे व्यर्थ ठरवण्याला आहे.

*‘ही आळशांना सबब झाली. जिद्द असेल तर वजन उतरतेच.’* हा आक्षेप नैतिक सुरात येतो, पण शरीरशास्त्रात टिकत नाही. ऑस्ट्रेलियात २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दहा आठवड्यांत तेरा किलोंहून जास्त घटवलेल्या लोकांची रक्तातली भुकेची संप्रेरके वर्षभरानंतरही भूक वाढवणाऱ्या दिशेलाच झुकलेली होती. वजन उतरले की शरीर विश्रांतीतही कमी ऊर्जा खर्चू लागते. म्हणूनच ‘रोज ५०० उष्मांक कमी, म्हणजे आठवड्याला अर्धा किलो’ हे गणित सुरुवातीला जुळते आणि पुढे चुकत जाते. काटा थांबणे हा त्या माणसाच्या स्वभावाचा दोष नाही, तो अपेक्षित टप्पा आहे. डॉक्टरांनी हे पहिल्याच दिवशी सांगितले तर कित्येक लोक चालणे सोडणार नाहीत. जाड माणसाला लग्नसमारंभात, बसमध्ये, कधी दवाखान्यातही जी बोलणी खावी लागतात, त्यांनी कोणाची साखर उतरलेली नाही. तपासणीला यायची लाज मात्र वाटू लागली आहे.

*‘पण वजन टिकवणारे लोक नियमित काटा पाहतात.’* हे खरे आहे. अमेरिकेत १९९४ पासून चालवलेल्या नोंदवहीत मोठी घट टिकवलेले बहुतेक लोक आठवड्यातून एकदा तरी वजन करतात, आणि दिवसाला सुमारे तासभर हालचालही. काट्यावर उभे राहण्यात गैर काही नाही. तो माहिती देतो तोवर उपयोगी आहे, निकाल देऊ लागला की घातक.

*‘आता इंजेक्शने आली आहेत, चर्चा कशाला?’* सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन घटले, टिर्झेपटाइडने ७२ आठवड्यांत २० टक्क्यांपर्यंत. २०२५ पासून ही दोन्ही वजनासाठी भारतात उपलब्ध आहेत आणि ज्यांना खरी गरज आहे त्यांना ती नाकारू नयेत. ती पोटातली चरबीही घटवतात. पण सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात गेलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आले, आणि या औषधांनीही स्नायू जातात. म्हणजे चौथ्या भागातला सगळा हिशेब, उसळीचा आणि बैठकांचा, इंजेक्शन घेणाऱ्याला जास्तच लागू होतो.

७. मग मोजायचे काय

मोजायचे चार: कमरेचा घेर, रक्तदाब, एचबीएवनसी आणि हातापायांतली ताकद. घेरासाठी शिंप्याची टेप पुरते. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता. तो उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, असा एक सोपा नियम ब्रिटनमध्ये २०२२ पासून सांगतात. ताकद पाहायला अर्ध्या मिनिटात खुर्चीवरून किती वेळा उठता येते ते मोजून लिहून ठेवावे.

आरोग्य शिबिरांत वजन-उंची घेऊन कागद हातात देतात. तिथे घेर मोजायला टेपशिवाय काही लागत नाही, आणि तो मोजला जावा ही मागणी सोसायट्यांनी, महिला मंडळांनी, गणेश मंडळांनी करायला हवी. घरातही एक बदल हवा. पथ्याचा स्वयंपाक बहुतेक घरांत बाईच करते, सर्वांत शेवटी जेवते, उरलेसुरले संपवते आणि चालायला तिलाच वेळ मिळत नाही. नवऱ्याच्या साखरेसाठी घरात आलेली उसळ तिच्या ताटातही पुरेशी हवी, आणि सकाळचा अर्धा तास तिच्याही नावावर हवा. त्या वेळेत डबे कोण भरणार, हे आदल्या रात्री ठरलेले असावे.

रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, म्हणून एचबीएवनसी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब देते. चालणे आणि जेवण बदलल्यानंतर तीन महिन्यांनी ही तपासणी पुन्हा करावी, घेर त्याच टेपने पुन्हा घ्यावा, आणि पुढे काय करायचे ते या दोन आकड्यांवरून डॉक्टरांशी बसून ठरवावे.